कानामागून गाठ काढल्यावर: विमान चालेल, पोहणं पुन्हा शिकावं लागेल, स्कूबा मात्र नको

पत्र: माझं वय ४१. राहते ठाण्याला, माहेर मालवण. साडेतीन महिन्यांपूर्वी उजव्या कानामागून शस्त्रक्रिया करून अकूस्टिक न्यूरोमाची २.६ सेंटिमीटरची गाठ काढली. डिस्चार्ज कार्डावर ‘ट्रान्सलॅबिरिंथाइन’ असं लिहिलंय. उजव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही. चेहरा वाकडा झाला होता तो बराच सुधारला, पण उजवा डोळा झोपेत अर्धवट उघडा राहतो. दिवसा नीट चालते, अंधारात भिंत धरावी लागते. पुढच्या महिन्यात बहिणीकडे दुबईला जायचंय. घरचे म्हणतात, विमानात डोक्यातला दाब वाढेल. दुसरं म्हणजे मी लहानपणापासून समुद्रात पोहत आले आहे आणि दिवाळीत भाऊ-भाचे मालवणला स्कूबा करणार आहेत. मला त्यांच्याबरोबर उतरता येईल का? डॉक्टर ‘सहा महिने थांबा’ एवढंच म्हणाले.

उत्तर:

ताई, घरच्यांना काळजी विमानाची आहे आणि पाण्याचं कुणाच्या मनातही आलेलं दिसत नाही. खरा धोका नेमका उलट बाजूला आहे. तपासणी नीट असेल तर दुबईला तुम्ही खुशाल जाल. पोहायलाही परत जाल, पण टप्प्याटप्प्याने, जवळजवळ नव्याने शिकल्यासारखं. स्कूबा मात्र करू नका, या दिवाळीतही नाही आणि पुढच्याही नाही. कारणं सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘सहा महिने थांबा’ ऐकलं की माणूस सातव्या महिन्यात पाण्यात उडी टाकतो.

अकूस्टिक न्यूरोमा हा कर्करोग नव्हे. आतल्या कानाकडून मेंदूकडे तोलाची माहिती नेणाऱ्या नसेच्या आवरणावर ही गाठ वाढते. तुमच्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत कानामागचं हाड कोरून, आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या काढून, तिथून वाट करत गाठीपर्यंत जातात. चेहऱ्याची नस या वाटेने लवकर दिसते आणि जपता येते. त्या बदल्यात त्या बाजूचं ऐकणं जातं आणि तोलाचं इंद्रियही जातं. ऐकणं गेलेलं तुम्हाला रोज जाणवतं. तोलाचं इंद्रिय गेलेलं दिवसा जाणवत नाही, कारण डोळे आणि तळपाय त्याची उणीव भरून काढतात. अंधारात भिंत लागते ती डोळ्यांची मदत तुटते म्हणून. पाण्यात तळपायांचीही मदत तुटते.

कोरलेल्या जागी पोटाची चरबी भरतात. तुमच्या पोटावर टाक्यांची खूण असेल ती त्याचीच. मधल्या कानातून नाकाच्या मागे उघडणारी युस्टेशियन नळीही स्नायूचा किंवा आवरणाचा तुकडा घालून सहसा बंद करतात. मेंदूभोवतीचं पाणी त्या वाटेने नाकात उतरू नये, हा त्यामागचा हेतू. हे बूच टिकणं फार महत्त्वाचं आहे.

आता विमान. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा हवेचा दाब ठेवलेला असतो, म्हणजे साधारण सिमल्याएवढा. समुद्रसपाटीवर ७६० मिलिमीटर पारा असलेला दाब ८ हजार फुटांवर ५६५च्या आसपास येतो. बंद पोकळीत अडकलेली हवा त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने फुगते. कवटी उघडली की थोडी हवा आत राहतेच. ती फुगली तर मेंदूवर दाब येतो, आणि घरच्यांनी ऐकलेली भीती बहुधा हीच असावी. पण ही हवा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीर शोषून घेतं. म्हणूनच कवटीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण पहिले दहा दिवस विमान टाळायला सांगतात, आणि त्याआधी जाणं भागच असेल तर आत हवा उरली नसल्याची खात्री मागतात. तुम्ही जाल तेव्हा साडेचार महिने झालेले असतील. गाठ काढलेल्या जागी रक्तस्राव होईल, टाके उसवतील, असं या दाबाने होत नाही.

एक गोष्ट मात्र प्रवासापूर्वी तपासाच. सकाळी खुर्चीत बसून डोकं गुडघ्यांपर्यंत खाली न्या आणि मिनिटभर तसंच ठेवा. उजव्या नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, स्वच्छ थेंब गळतो का पाहा. घशात खारट किंवा धातूसारखी चव उतरते का? कानामागची जागा फुगीर, पाणी भरल्यासारखी लागते का? यातलं काहीही असेल तर ती सर्दी आहे असं धरून चालू नका, थेट सर्जनना गाठा. तो थेंब स्वच्छ बाटलीत धरून प्रयोगशाळेत बीटा-२ ट्रान्सफेरिनची तपासणी करता येते. हे प्रथिन नाकाच्या शेंबडात नसतं, मेंदूच्या पाण्यात असतं. गळती असेल तर विमानही नको आणि पोहणंही नको. सोबत ताप, मान ताठरणं, जोराची डोकेदुखी, उलट्या असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इस्पितळ गाठायचं.

गळती नसेल तर पुढचं सगळं सोयीचं आहे. उजव्या कानाची नळी बंद आहे, त्यामुळे विमान उतरताना लक्ष ठेवायचं ते डाव्या कानावर. तो तुमचा एकुलता एक ऐकणारा कान आहे. चढताना मधल्या कानातली हवा नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना ती आत यायला नळी आपण उघडावी लागते, म्हणून दडे उतरतानाच बसतात. लँडिंगच्या अर्धा तास आधी जागं राहा, कुणाला तरी उठवायला सांगून ठेवा. लिमलेटची गोळी चघळा, घोटघोट पाणी प्या. तेवढ्याने भागलं नाही तर नाक चिमटीत धरून आवंढा गिळा. नाक दाबून जोरात फुंकर मारून कान ‘फोडायची’ सवय असेल तर ती कायमची सोडा. तो जोर उजव्या बाजूच्या बुचावर जातो. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. नाक थोडं चोंदलेलं असेल तर उतरायला लागण्याच्या अर्धा ते एक तास आधी झायलोमेटाझोलिनचे थेंब चालतात, रक्तदाब असेल तर आधी विचारून. चांगलीच सर्दी झाली असेल तर तिकीट पुढे ढकला. तिकिटाचे पैसे जातील, पण डावा कान पणाला लावण्याइतके ते मोठे नाहीत.

सीट उजवीकडची, खिडकीची घ्या. मग सोबतीचं माणूस, हवाईसुंदरी, घोषणा, सगळं डाव्या कानाकडे येतं. डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायचं काम दुसऱ्याला सांगा. वजन हे एक कारण, पण मान वर करून हात उंचावले की तुमचा तोल जाण्याची शक्यता जास्त असते. केबिनमधले दिवे मंद केल्यावर स्वच्छतागृहात जाताना प्रत्येक सीटची पाठ धरत जा.

डोळ्याचं मात्र लिहिलंत तितकं हलकं घेऊ नका. विमानातली हवा अत्यंत कोरडी असते. वरचा एसीचा झोत बंद करा किंवा दुसरीकडे वळवा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंब तासातासाने घाला, झोपायचं असेल तर जेल लावून पापणीवर मऊ टेप लावा. गाठीमुळे बुबुळाची संवेदना कमी झाली असेल तर जखम होऊनही दुखत नाही. तेव्हा दुखत नाही म्हणून ठीक आहे असं समजू नका. लाली दिसली किंवा अंधुक झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

दुबईला पोचल्यावर बहिणीच्या इमारतीतला स्विमिंग पूल समोर दिसेल. पहिले दोन दिवस त्यात उतरू नका. मेंदूने एका बाजूच्या तोलावर भागवायला शिकण्याची जी घडी बसवलेली असते ती जागरण, ताप, थकवा, मद्य यांनी तात्पुरती विस्कटते आणि आठवडे न आलेली गरगर परत येते. रात्रीच्या विमानाने गेलात तर हे होणं अगदी शक्य आहे. झोप पुरी झाली की घडी पुन्हा बसते. गरगर थांबावी म्हणून स्टेमेटिल किंवा सिनारिझिन रोज घेत बसू नका. अशा गोळ्या जास्त दिवस घेतल्या तर मेंदूचं हे शिकणं लांबतं.

आता पाण्याकडे. पोहण्याची परवानगी साधारण दीड-दोन महिन्यांनंतर मिळू शकते. अट अशी की कानामागची आणि पोटावरची जखम कोरडी हवी, खपली गेलेली हवी, आणि सर्जननी कानात आत बघून ‘पडदा शाबूत आहे, कान कोरडा आहे’ असं सांगितलेलं हवं. तुमच्या बाबतीत हा काळ उलटला आहे. पण जखम भरली म्हणजे तोल तयार झाला असं होत नाही, आणि ‘सहा महिने थांबा’ या वाक्यात नेमकी हीच गोष्ट निसटते.

घरी एक चाचणी करा. खोलीच्या कोपऱ्यात सोफ्याची जाड गादी ठेवा, समोर खुर्ची, बाजूला माणूस. गादीवर पावलं जुळवून उभ्या राहा आणि डोळे मिटा. ३० सेकंद, तीन वेळा. गादीमुळे तळपायांची माहिती कमी होते, मिटल्यामुळे डोळ्यांची. उरतो फक्त डावा आतला कान. पाण्यात तुम्ही याच अवस्थेत असता. ही चाचणी जमत नसेल तोवर छातीपेक्षा खोल पाण्यात जायचं नाही, हा आमचा दंडक. जमत नसेल तर सराव वाढवा. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे नजर खिळवा आणि नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने मान डावी-उजवीकडे फिरवा. एक मिनिट असं, मग एक मिनिट वर-खाली. दिवसातून तीन-चार वेळा. यात थोडं गरगरणं अपेक्षित आहे, त्यातूनच मेंदू शिकतो. व्हेस्टिब्युलर (तोलाचं) पुनर्वसन करणारा फिजिओथेरपिस्ट ठाण्यात मिळाला तर याला वेग येतो.

तलावात पहिले दिवस दिवसाउजेडी, गर्दी नसताना जा. सोबतचं माणूस काठावर बसून चालणार नाही. ते पाण्यात, हात पोचेल इतक्या अंतरावर हवं. छातीइतक्या पाण्यात कठडा धरून डोळे मिटा, मान वळवा, काय होतं बघा. मग कठडा न धरता रुंदीने चाला. त्यानंतर कठडा धरून तोंड पाण्यात घाला, गॉगल लावून, डोळे उघडे ठेवून, नाकातोंडातून बुडबुडे सोडत. बुडबुडे कुठे जातात ते पाहायची सवय आत्ताच लावा. बुडबुडे जातात ती दिशा वर. पुढे कधी गटांगळी खाल्लीत आणि वर कुठलं ते कळेनासं झालं, तर हातपाय मारण्याआधी थोडी हवा सोडायची आणि तिच्यामागे जायचं. दिसत नसेल तर बुडबुडे गालावरून कुठे सरकतात ते जाणवतं.

मग कठड्याला समांतर पाचेक मीटर आडवं सरकत जाऊन उभं राहणं. गडबड होते ती पोहताना कमी, उभं राहताना जास्त, कारण डोकं आडव्याचं एकदम उभं होतं. आधी हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर, मग पाय तळाला, या क्रमाने करा. हे चार-पाच दिवस बिनघोर जमलं की डोकं पाण्याबाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी मान सारखी वळते, ते सगळ्यात शेवटी. तोंडासमोर सरळ उभा राहणारा स्विमरचा स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) वापरलात तर मान वळवावीच लागत नाही, पण ओठांची उजवी बाजू त्यावर घट्ट मिटते का ते आधी घरी पाहा. भिंतीजवळची कोलांटी, काठावरून सूर, रात्रीचं पोहणं आणि आकाशाकडे बघत उताणं तरंगत राहणं सोडून द्या. उघड्या तलावावर आकाशात नजर टेकवायला काहीच नसतं.

थंड पाण्याचं एक फारसं कुणी सांगत नाही. कानात थंड पाणी खोल शिरलं की आतल्या कानातला द्रव हलतो आणि चक्कर येते. चक्कर तपासताना डॉक्टर ३० अंशांचं पाणी कानात सोडून हेच मुद्दाम घडवतात. तलावाचं पाणी अनेकदा २६ ते २८ अंश, म्हणजे त्याहून गार. दोन्ही कान शाबूत असतात तेव्हा दोन्हीकडून सारखाच इशारा जातो आणि एकमेकांना काटतो. तुमच्या उजव्या बाजूला काटायला कुणी उरलेलं नाही. डाव्या कानात गार पाणी शिरलं तर पूर्ण चक्कर बसू शकते, आणि तीही पाण्यात. म्हणून डाव्या कानात सिलिकॉनचा पोहण्याचा बोळा घाला आणि वरून टोपी किंवा निओप्रीनची पट्टी बांधा. याने तुम्ही पाण्यात जवळपास पूर्ण बहिऱ्या व्हाल, म्हणून सोबत्याशी हातवाऱ्यांच्या खुणा आधी ठरवा. बोळा घालून बुडी कधीच मारू नका. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकते आणि खोलीबरोबर पडदा बाहेर ओढला जातो.

स्कूबाबद्दल आम्ही इतके ठाम का आहोत, ते आकड्यांत बघा. पाण्यात एक मीटर खाली गेलं की दाब सुमारे ७५ मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. विमान उतरताना संपूर्ण अर्ध्या तासात कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात अवघ्या अडीच मीटरवर, काही सेकंदांत वाढतो. दहा मीटरवर एकूण दाब दुप्पट. हे सगळं तुमच्या एकमेव कानाने पेलायचं. दाब बरोबर करण्यात चूक झाली तर पडदा फाटतो, तो पुढे भरून येऊ शकतो. पण आतल्या कानाच्या खिडकीचा नाजूक पापुद्रा फाटला तर ऐकणं कायमचं जाऊ शकतं, आणि त्या दिवसापासून तुम्ही दोन्ही कानांनी बहिऱ्या.

दुसरं कारण तोलाचं. कोकण किनाऱ्यावरचं पाणी गाळामुळे बऱ्याचदा गढूळ हिरवं असतं, दिसतं ते काही मीटर. तळ दिसत नाही, पृष्ठभाग दिसत नाही, पायाखाली काही नाही. गरगरून रेग्युलेटरमध्ये (सिलिंडरची हवा घ्यायच्या तोंडातल्या यंत्रात) उलटी होणं, घाबरून श्वास रोखत वर धावणं, हे तिथे घडतं. सिलिंडरची हवा छातीत धरून अगदी दोन-तीन मीटरवरून वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. इन्स्ट्रक्टर हात धरून असतो हे खरं, पण तुमच्या डोक्यात कुठली बाजू वर आहे ते त्याला कळत नाही. शिवाय उजव्या बाजूच्या बुचामागे मेंदूचं आवरण आहे, तिथे दाबाचे असे हेलकावे कुणी मुद्दाम देऊ नयेत. करमणुकीच्या स्कूबासाठीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेत आतल्या कानाची शस्त्रक्रिया गंभीर जोखमीच्या यादीत आहे, आणि डायव्हरने भरायच्या फॉर्ममध्ये कानाची शस्त्रक्रिया, बहिरेपण, तोलाचा त्रास यांचा थेट प्रश्न असतो. किनाऱ्यावर घाईत सही मागितली तरी तिथे ‘नाही’ लिहू नका. भाच्यांचा हट्ट आम्हाला कळतो, पण त्यांना हे कारण सांगितलंत तर त्यांनाही कळेल.

दिवाळीपर्यंत तुमचे सात महिने होतील. वरचे टप्पे जमलेले असतील तर चिवल्यासारख्या शांत किनाऱ्यावर, दिवसा, छातीइतक्या पाण्यात किनाऱ्याला समांतर पोहा, तेही लाइफ जॅकेट घालून. पट्टीच्या पोहणाऱ्या बाईला जॅकेटचा कमीपणा वाटतो हे माहीत आहे, पण तुमच्यासाठी त्याचं काम वेगळं आहे. लाटेने उलटंपालटं केलं तर वर कुठलं ते जॅकेट ठरवतं, तुम्हाला ठरवावं लागत नाही. पट्टे घट्ट बांधा, खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर सरकता कामा नये. स्नॉर्केलिंगही जॅकेटसह, पृष्ठभागावरच, खाली बुडी न मारता. मास्कचा पट्टा कानामागच्या व्रणावर दाबत नाही ना ते बघा. जेट-स्की आणि पॅरासेलिंगच्या बोटी फिरतात त्या पट्ट्यात पोहू नका. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही, उजवीकडून येणारी बोटही डावीकडूनच येतेय असं वाटतं. बनाना राइड नकोच, तिथे शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. कोलाडचं राफ्टिंगही नको. संथ खाडीतली कयाक, जॅकेट घालून, आनंदाने करा.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनी आपलं डिस्चार्ज कार्ड आधी बघावं. ‘रेट्रोसिग्मॉइड’ (आतल्या कानातून न जाता त्याच्या मागून गाठीपर्यंत जाणारी वाट) लिहिलं असेल तर मधला कान आणि नळी सहसा शाबूत असतात, ऐकणंही वाचलेलं असू शकतं. विमानात तुमचा तो कानही सांभाळावा लागेल. तोलाची नस मात्र बहुधा गेलेलीच असते, त्यामुळे पाण्याचे नियम तेच. आणि गाठ अकूस्टिक न्यूरोमाची नसून कोलेस्टिॲटोमाची (मधल्या कानात कातडी साचून वाढणारी गाठ) असेल, कानात मोठी उघडी पोकळी केलेली असेल, तर तोलाची नळी त्या पोकळीत जवळजवळ उघड्यावर असते. तुमच्या त्या कानात थंड पाण्याचा एक थेंबही जाऊ देऊ नका, आणि पोहण्यासाठी मापाचा साचा बनवून घेता येतो का ते आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा.